'नॅरो मेजॉरिटी'ला मराठीत काय म्हणाल?

पाटीपेन्सिल
दादाभाई नौरोजींवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. 1892च्या जुलैत ते लंडनमधल्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून गेले. मतं 2,961, समोरच्या पेंटनना 2,956. आधी तीन मतांचा फरक निघाला होता, फेरमोजणीत तो पाच झाला. तिकडे लगेच त्यांच्या नावावर कोटी झाली : मिस्टर नॅरो-मेजॉरिटी! मी 'निसटते बहुमत' लिहिलं होतं. तपासून परत आलं तेव्हा 'अरुंद बहुमत' झालेलं. बहुमत म्हणजे काय बोळ आहे का? आणि कोटीचं काय करू?

उंबरठा
अरुंद तर चूकच, पण ताई, तुमचं 'बहुमत'सुद्धा इथे नको. एका उमेदवाराला दुसऱ्यापेक्षा जितकी मतं जास्त पडतात ते मताधिक्य. एकूणातल्या निम्म्याहून जास्त म्हणजे बहुमत. इंग्रजीत दोन्हीला मेजॉरिटीच म्हणतात आणि अनुवादक तिथेच आपटतो. दादाभाई 'पाच मतांनी' निवडून आले. बस. इथे नामाची गरजच नाही, मराठीत आकड्याला 'नी' लावला की काम होतं.

लिबरल नेता ग्लॅडस्टनचं बघा. मिडलोथियन मतदारसंघातून 1886 साली बिनविरोध आलेला हा माणूस 1892 साली 690 मतांनी आला. हे झालं मताधिक्य. त्याच निवडणुकीत 670 जागांपैकी त्याच्या लिबरल पक्षाला 272 मिळाल्या, म्हणजे बहुमत नाहीच. पण 81 आयरिश राष्ट्रवादी त्याच्या बाजूने उभे राहिले, ऑगस्टमध्ये सभागृहात 350 विरुद्ध 310 असं मतदान झालं आणि हुजूर पक्षाच्या सॉल्सबरीचं सरकार पडलं. इंग्रजी पुस्तकं याला 'चाळीसची मेजॉरिटी' म्हणतात. ते 'चाळीसचे बहुमत' असं उतरवलं तर वाचणाऱ्याला वाटेल, चाळीस जणांनीच हात वर केले.

शिळाभात
उंबरठाभाऊ, नियम चोख आहे, पण गावच्या भिंतीवर काय रंगवलेलं असतं? 'प्रचंड बहुमताने विजयी करा'! एका उमेदवारासाठीच ना ते? 'प्रचंड मताधिक्याने'ही असतं म्हणा, पण लाउडस्पीकरवाला रिक्षातून ओरडतो ते बहुमतच. तेव्हा बोलीत हा भेद कधीच गळून गेलाय.

उंबरठा
मान्य. रिक्षावाल्याला कोण सुधारणार? पण जिथे उमेदवाराचे आणि सभागृहाचे आकडे एकाच परिच्छेदात येतात, तिथे तरी भेद पाळावा.

शिळाभात
तिथे पाळू. कोटीसाठी मात्र 'जेमतेमजी' सुचवतो. किंवा 'पाचरोजी'. नौ नाही, पाचच!

पाटीपेन्सिल
पाचरोजी! चहा सांडला माझा. पण लेख गंभीर आहे हो. 1888 साली सॉल्सबरी एडिनबरोच्या भाषणात दादाभाईंना 'काळा माणूस' म्हणाला होता, ते याच लेखात वरती आलंय. त्याच्याखाली लगेच पाचरोजी नाही चालणार. कोटी देवनागरीत मूळचीच ठेवते आणि पुढे अर्धं वाक्य खुलासा.

आता दुसरा काटा. लेखात प्रदेशवार निकाल आहेत आणि 'सेल्टिक फ्रिंज' हा शब्द तीनदा आलाय. इंग्लंडने कौल दिला हुजूर पक्ष आणि लिबरल युनियनिस्टांना, म्हणजे होमरूलला विरोध करून लिबरलांतून फुटलेल्यांना. स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड उलटे गेले. वेल्समध्ये तर 34पैकी 31 जागा लिबरलांच्या. या तिघांना मिळून तो शब्द आहे. 'सेल्टिक झालर' लिहिलंय, पण मांडवाची आठवण येते.

खडीसाखर
फ्रिंज म्हणजे नेमकं सांगायचं तर दशा. उपरण्याच्या टोकाला सुटे धागे असतात ना, त्या. माझी आजी पाहुण्यांसमोर बसली की पदराच्या दशा बोटाने वळत राहायची. पण 'सेल्टिक दशा' लिहू नका, लोक म्हणतील साडेसाती लागली.

'काठ' घ्या. सेल्टिक काठ. झालर आणि दशा शोभेपुरत्या असतात, काठ लुगड्यातच विणलेला असतो. 1892 साली आयर्लंडला होमरूल, म्हणजे स्वतःचं कायदेमंडळ, देऊ पाहणारं सरकार याच काठाने उभं केलं. वर 'काठावर पास' हा अर्थ फुकटात मिळतो.

शिळाभात
म्हणजे काठाने दिलेलं काठावरचं बहुमत. वा!

खडीसाखर
आणि पुढच्या वर्षी होमरूलचं विधेयक खालच्या सभागृहात 34 मतांनी मंजूर झालं, पण वरच्या सभागृहातल्या लॉर्डांनी 419 विरुद्ध 41 असं फेटाळलं. ते मात्र प्रचंड बहुमताने, अगदी रिक्षावाल्याच्या अर्थाने.

उंबरठा
एक सावधगिरी. आयरिश राष्ट्रवाद्यांच्या 81 जागांतली एक 'स्कॉटलंड' अशी दिसेल. घाईत तिला स्कॉटलंडच्या खात्यात टाकू नका. तो लिव्हरपूलमधला एक मतदारसंघ, तिथल्या स्कॉटलंड रोडमुळे पडलेलं नाव. तिथे आयरिश वस्ती दाट होती, आणि टी. पी. ओ'कॉनर 1885पासून तिथूनच निवडून येत होते. म्हणजे आयरिश पक्षाचा माणूस, मतदारसंघाचं नाव स्कॉटलंड, जागा इंग्लंडची.

पाटीपेन्सिल
अरे देवा. टाकलीच होती मी! कोष्टकात स्कॉटलंडची एक जागा जास्त भरत होती, दोन दिवस बेरीज करतेय. 'लिव्हरपूलचा स्कॉटलंड विभाग' करते. काठ पक्का. 'अरुंद' कापून 'पाच मतांनी' लिहून पाठवते, बघू काय उत्तर येतंय.