अप्पांच्या बोलायच्या यंत्राची बॅटरी चार्ज होत नाही, कृपया मदत करा

गिरणगावकरीण

नमस्कार मंडळी. जरा घाईचं आहे, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

माझे वडील, अप्पा, वय ७१. बेस्टमध्ये कंडक्टर होते. घशाच्या कॅन्सरमुळे २०१८ मध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते इलेक्ट्रोलॅरिंक्सवर बोलतात. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगते, छोट्या टॉर्चएवढं यंत्र असतं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की टोकाची चकती थरथरते आणि त्या थरथरीचे शब्द ओठांनी, जिभेने करायचे. आवाज एकसुरी येतो. पण आमच्या घरात आता तोच अप्पांचा आवाज आहे.

यंत्राला दोन बॅटऱ्या आहेत, एक यंत्रात आणि एक चार्जरमध्ये. चौकोनी, आपण ९ व्होल्टची म्हणतो तशी. वर ८.४ व्होल्ट आणि निकेल मेटल हायड्राइड असं छापलंय. सोमवारपासून चार्जरचा लाल दिवा लागत नाही. बॅटरी अंगठ्याने दाबून धरली तर मिणमिणतो, सोडली की जातो. काल दुपारी दुसरी बॅटरीही संपली.

कालपासून अप्पा पाटीवर लिहितायत. पण आईला मोतीबिंदू आहे, तिला ती पाटी वाचता येत नाही. मी कामावर, मुलगा शाळेत, म्हणजे दिवसभर घरात दोघंच असतात आणि दोघांचं बोलणं बंद. आज मी संध्याकाळी आले तर अप्पा टाळी वाजवून तिला हाक मारत होते. मला ते बघवलं नाही.

मोबाइलचा टॉर्च मारून चार्जरमध्ये पाहिलं. फुलासारखं जे टोक असतं त्याच्या पाकळ्यांवर हिरवट-निळा थर आहे, देवघरातल्या तांब्यावर चढतो तसाच. तळाशी पांढरं पीठही आहे. आई म्हणते पितांबरीने घासून टाक. घासू का? जिथून यंत्र घेतलं ते म्हणतात, मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या. नवीन आम्हाला आत्ता झेपणारं नाही.

सोल्डरसदा, डोंबिवली

ताई, पितांबरी अजिबात नको! पूड आत अडकेल, ओल राहील आणि घासल्याने पत्र्यावरचा मुलामा जाईल. मग आठवड्याभरात गंज दुप्पट येईल. पॉलिश पेपर, ब्लेड, सुई यातलंही काही लावू नका.

दाबल्यावर दिवा लागतो ही चांगली खूण आहे. म्हणजे करंट येतोय, पण बॅटरीपर्यंत नीट पोचत नाही. बॅटरीचा दोष नंतर पाहू, आधी टोकं स्वच्छ करू.

चार्जर प्लगमधून काढा. बॅटरी काढून बाजूला ठेवा, पण खिशात किंवा डब्यात किल्ल्या-नाण्यांबरोबर नको, दोन्ही टोकं एकाच बाजूला असल्यामुळे लगेच शॉर्ट होते. चार्जर उलटा करून ते पीठ जुन्या मऊ टूथब्रशने कोरडंच झटका. मग कान साफ करायच्या काडीचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, पिळून, पाकळ्यांवर फिरवा. लॅमिंग्टन रोडला सुट्या पार्टच्या दुकानांत मिळतं. घरातलं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, चिकट थर बसतो. पहिल्या दोन-तीन काड्या हिरव्या निघतील. काडी पांढरी निघेपर्यंत बदलत राहा.

हिरवा थर तरीही निघाला नाही तर काडीवर साध्या पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब घ्या, फक्त त्या डागावर टेकवा, मिनिटभराने पुसा. चिंच तांब्यावर करते तेच काम हे आम्ल करतं, तेवढी आईंची कल्पना बरोबर आहे. पण आम्ल आत राहता कामा नये. म्हणून नंतर डिस्टिल्ड वॉटरची ओली काडी, मग पुन्हा अल्कोहोल, मग दोन तास पंख्याखाली. बॅटरीच्या टोकांना पेन्सिलीचा खोडरबर हलक्या हाताने पुरे. यंत्रातली टोकंही पुसा, गंज बहुतेक तिथेही असेल.

आता खरी गंमत पाकळ्यांची. रोज काढून-घालून त्या फाकतात आणि समोरचं गोल टोक घट्ट धरत नाहीत. तुमचा अंगठा नेमकं तेच काम करतोय. बारीक चिमट्याने एकेक पाकळी केसभर आत घ्या. जास्त दाबली तर तुटते, आणि ती तुटली की सगळा क्लिप बदलावा लागतो.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर कुणाकडे मिळाला तर दोन्ही बॅटऱ्यांचं रीडिंग टाका. आत १.२ व्होल्टचे ७ सेल असतात, म्हणून ८.४. पूर्ण भरलेली साडेनऊच्या वर दाखवते. ७ च्या आसपास असेल तर फक्त उतरलेली आहे. ५ वगैरे असेल तर आतला एखादा सेल गेलेला असू शकतो.

माळरान७७

आमच्याकडे फोनची बॅटरी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली होती, चालू झाली होती. करून बघा.

सोल्डरसदा, डोंबिवली

माळरान, कृपया हा सल्ला नको. मुंबईच्या हवेत फ्रीजमधून काढलेल्या वस्तूवर पाणी धरतं आणि यांचा मूळ त्रासच ओलीचा आहे. ताई, अजून एक, घाईत दुकानातली साधी अल्कलाइन ९ व्होल्ट बॅटरी आणलीत तर ती या चार्जरमध्ये चुकूनही लावू नका. ती चार्ज करायची नसते, फुटते किंवा गळते.

वाचाताई

मी वाचा-उपचार करते, माझ्याकडे स्वरयंत्र काढलेले बरेच रुग्ण येतात. सदाभाऊंनी चार्जरचं नीट सांगितलंय, मी ते पांढरं पीठ कुठून आलं असेल ते सांगते. अप्पा गळ्याला पावडर लावतात का? उन्हाळ्यात बरेच जण घामाने चकती सरकते म्हणून लावतात. ती पावडर, घाम आणि गळ्यावरच्या रुमालाचे धागे हाताला लागतात, तिथून बॅटरीच्या झाकणात जातात. घामात मीठ असतं, गंजाची सुरुवात तिथून होते. पावडर बंद करा. यंत्र टेकवण्याआधी गळा आणि हात कोरड्या रुमालाने पुसायचे, एवढं पुरतं. आणि पावडर स्टोमाजवळ, म्हणजे गळ्यावरच्या श्वासाच्या छिद्राजवळ नकोच, श्वासाबरोबर थेट फुप्फुसात जाते.

साफसफाई अप्पांपासून लांब, खिडकीजवळ करा. अल्कोहोलचा वास आपल्याला नाकातून लागतो, त्यांचा श्वास सरळ गळ्यातून आत जातो. खोकल्याची उबळ येईल.

आणि तोवर आईंसाठी एक करा. आईंना दिसत नाही पण ऐकू येतं, मग पाटीऐवजी घंटी द्या. एक वाजली तर हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे इकडे ये. तातडीला चार म्हणजे शेजारच्यांना बोलव. माझ्या रुग्णांच्या घरी मी हे यंत्र चालू असतानाच शिकवून ठेवते, कारण ते बंद पडतं ते नेहमी रात्री. मोबाइलवर टाइप केलेलं मराठीत वाचून दाखवणारी सोयही असते, अप्पांना जमेल.

गिरणगावकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

शनिवारी हाफ डे घेऊन ग्रँट रोडला उतरले, अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर आणलं. शेजारच्या वायरमन काकांनी मीटर आणला. चार्जरच्या ॲडाप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय, १२.१ दाखवले, म्हणजे तो ठीक होता. बॅटऱ्या एक ७.१ आणि एक ४.८.

गॅलरीच्या कठड्यावर वर्तमानपत्र पसरून बसले. पहिली काडी मोरपिशी निघाली. मला वाटलं होतं चार-पाच काड्या लागतील, अकरा लागल्या. एका पाकळीच्या मुळाशी डाग राहिला होता, तो व्हिनेगरने गेला आणि खाली पिवळा लखलखीत धातू दिसला. यंत्राच्या झाकणात खरंच पावडर आणि रुमालाचे धागे होते, वाचाताई. अप्पा सकाळी आंघोळीनंतर गळ्याला पावडर लावतात, आम्ही कुणी कधी त्याचा विचारच केला नव्हता.

पाकळ्या काकांनी दाबल्या, माझा हात थरथरत होता. चारपैकी एक जास्तच फाकलेली होती. त्यानंतर ७.१ वाली लावली तेव्हा जी टक अशी घट्ट बसली, ती टक मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. दिवा लागला आणि हात काढल्यावरही राहिला.

सकाळी ती ९.६ झाली. मग ४.८ वाली लावली, ती दिवसभर लावूनसुद्धा सहावर गेली नाही आणि गरम लागली, म्हणून काढली. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी ठेवली आहे, ई-कचऱ्यात देईन. तशीच नवीन निकेल मेटल हायड्राइड बॅटरी सोमवारी आणते.

अप्पांनी यंत्र गळ्याला लावून आधी आईला विचारलं, गुडघ्याला तेल लावलंस का. तीन दिवस ते विचारायचं राहिलं होतं म्हणाले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मला वाटलं तुम्ही रागावलात.

घंटी ठेवली आहे, चार वाजवण्याची दोघांची तालीमही झाली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अप्पांनी प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘टोके पुसणे’. डिसेंबरपर्यंतची पानं उलटून लिहिलंय.