वितळलेल्या कॉस्टिकमध्ये ॲसिड कोण? प्रोटॉनवाले की ऑक्साइडवाले?

तप्तद्रव: वितळलेल्या कॉस्टिकमध्ये पाणी हे ॲसिड असतं म्हटलं की लोक हसतात. पण कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, ३२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवलं की हायड्रॉक्साइडच सॉल्व्हंट झाला ना, दुसरं आहेच काय तिथे. दोन हायड्रॉक्साइडमधून एक पाणी आणि एक ऑक्साइड आयन तयार होतो, म्हणजे पाणी हे त्या द्रवातलं ॲसिड आणि ऑक्साइड बेस. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की इथे ब्रॉन्स्टेडच्या व्याख्येला (प्रोटॉन, म्हणजे H⁺, देतो तो ॲसिड, घेतो तो बेस) सुट्टी द्या आणि लक्स-फ्लड वापरा. ऑक्साइड आयन घेतो तो ॲसिड, देतो तो बेस.

प्रोटॉनवादी: अरे, पण त्या दोन हायड्रॉक्साइडमध्ये देवघेव कशाची झाली? प्रोटॉनचीच ना! एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, साध्या पाण्यात होतं किंवा लिक्विड अमोनियात होतं अगदी तसंच. लक्सने १९३९ मध्ये ती कल्पना मांडली आणि १९४७ मध्ये फ्लड-फोरलँडने पुढे नेली ती जिथे प्रोटॉनच नाही अशा वितळलेल्या ऑक्साइडसारख्या गोष्टींसाठी सोयीची आहे, हायड्रॉक्साइडमध्ये तर पावलोपावली प्रोटॉन आहे, मग वाकडी वाट कशाला?

तप्तद्रव: बरं, मग ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, टाक. विरघळून ॲल्युमिनेट होतं. ॲल्युमिनाकडे द्यायला प्रोटॉन आहे का? नाही. कार्बन डायऑक्साइडकडे? तोही नाही, तरी उघड्या भांड्यातला मेल्ट (वितळलेला द्रव) हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कार्बोनेट बनवत बसतो. दोघंही ऑक्साइड घेतात म्हणून ॲसिड, विषय संपला.

प्रोटॉनवादी: संपला कुठे, दोन्ही वेळेला बाहेर काय पडतं ते तू सांगितलंच नाहीस. पाणी! ॲल्युमिनाने हायड्रॉक्साइडमधला ऑक्साइड उचलला आणि उरलेला प्रोटॉन दुसऱ्या हायड्रॉक्साइडने घेतला. तू जमाखर्चाची एकच बाजू वाचतोयस.

भट्टीवाला: तुम्ही दोघं भांडा, पण मेल्टमध्ये किती पाणी आहे हे कुणी बघतंय का? वरून वाफ सोडत राहिलं तर मेल्ट ॲसिडिक राहतो, कोरडा वायू सोडला की पाणी उडून बेसिक होतो. लँथेनाइड ऑक्साइड (लँथेनमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंचे ऑक्साइड) ओल्या मेल्टमध्ये विरघळतात आणि पाणी उडवलं की बाहेर पडतात, क्युप्रेट (तांबं-ऑक्सिजनवाल्या) सुपरकंडक्टरचे क्रिस्टल याच युक्तीने वाढवले जातात. सोडियम आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं मिश्रण तर साधारण १७० अंशांनाच वितळतं, त्यामुळे फार तापवावंही लागत नाही. आणि वितळलेल्या कॉस्टिकमधून वीज सोडून सोडियम काढायची कास्टनरची पद्धत आठवा. ॲनोडवर हायड्रॉक्साइडपासून ऑक्सिजन आणि पाणी बनायचं, ते पाणी कॅथोडकडे सरकून नुकतंच बनलेलं सोडियम खायचं, म्हणून करंट एफिशियन्सी (दिलेल्या विजेपैकी सोडियम बनवण्यात कामी आलेला वाटा) ५० टक्क्यांच्या वर जाणं अवघडच होतं. व्याख्या कुठलीही घ्या, पाणी सुटणार नाही.

तप्तद्रव: हे पटलं, पण तुझं लँथेनाइडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पाण्याने त्या ऑक्साइडकडून ऑक्साइड आयन काढून घेतला, म्हणजे घेणारा ॲसिड.

प्रोटॉनवादी: पाण्याने ऑक्साइडला प्रोटॉन दिला, म्हणजे देणारा ॲसिड. हेच मी सकाळपासून सांगतोय. आणि आता एक अडचण तुझ्यासाठी. कोरड्या बेसिक मेल्टमध्ये ऑक्सिजन सोडला की ऑक्साइडचं पेरॉक्साइड होतं. ऑक्साइड कुणी घेतला? ऑक्सिजनने. मग आता ऑक्सिजनलाही ॲसिड म्हणणार का?

तप्तद्रव: नाही, तिथे इलेक्ट्रॉनची बदली होते, ते रेडॉक्स झालं. पण किती पेरॉक्साइड टिकणार हे ठरवतं कोण? ऑक्साइडचं प्रमाण. पाणी वाढवलं की ऑक्साइड खाली जातो आणि पेरॉक्साइड मोडून हायड्रॉक्साइड आणि ऑक्सिजन होतो. तुझा प्रोटॉन इथेही कामाला आलाय, मान्य, पण मी मोजणार ऑक्साइडच.

भट्टीवाला: मोजा मोजा, फक्त प्लॅटिनमच्या क्रूसिबलमध्ये नको. हवेत पेरॉक्साइड झालं की तेही खाल्लं जातं. निकेल घ्या, आणि काचेचा तर विचारही करू नका.