मदत हवी आहे: सिझेरियनच्या खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

बायकोला 34वा आठवडा चालू आहे. बाळ पायाळू आहे. अजून फिरू शकतं, पण नाहीच फिरलं तर 39व्या आठवड्यात सिझेरियन करू, असं डॉक्टर म्हणाल्या. मन तयार आहे, पण हिशेब जुळत नाहीये.

हॉस्पिटलने 'पॅकेज' म्हणून एक आकडा सांगितला. खोदून विचारल्यावर कळलं की भूलतज्ज्ञ, बाळाचे डॉक्टर, औषधं आणि टाके-हातमोज्यांसारखं सामान, सगळं त्याच्या बाहेर! मग पॅकेजमध्ये उरलं काय? तुम्ही लेखी अंदाजपत्रक मागितलं होतं का? त्यात काय काय लिहून घ्यावं?

दुसरा घोळ विम्याचा. प्रसूतीचा प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर प्रसूतीचा खर्च मिळू लागेपर्यंतची मुदत) संपलाय, एवढी खात्री केली आहे. पण पॉलिसीत प्रसूतीसाठी वेगळी मर्यादा आहे, आणि खोलीभाड्यालाही. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरकच नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचे पैसेही त्याच प्रमाणात कापले जातात, असं बारीक अक्षरात आहे. कुणाला हा फटका बसलाय का? कॅशलेसची (म्हणजे विमा कंपनीने थेट हॉस्पिटलला पैसे देण्याची) पूर्वमंजुरी किती आधी मागितलीत?

खरी धास्ती एनआयसीयूची (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची) आहे. बाळाला ठेवावं लागलं तर दिवसागणिक बिल वाढतं. नवजात बाळ पहिल्या दिवसापासून विम्यात येतं का, हे एजंटला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "बघतो".

अचानक सिझेरियन करावं लागलेल्यांनी नक्की सांगा, ठरवलेल्या रकमेच्या वर हाताशी किती टक्के ठेवावेत?