पुढच्या वर्षीच्या सायकल टूर: कोकण किनारा, कन्याकुमारी की मनाली-लेह?

ठाणेकर_पेडल:
नमस्कार मंडळी, पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग आत्ताच करायला बसलोय कारण ऑफिसात रजा आधी सांगून ठेवाव्या लागतात, मार्चनंतर मागितली की कोणी ऐकत नाही. डोक्यात तीन टूर आहेत. एक म्हणजे अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत, दुसरी कन्याकुमारी आणि तिसरी मनाली-लेह, जी कॉलेजपासून मनात आहे. रजा सगळी मिळून तीन आठवडे, त्यात शनिवार-रविवार जोडून जे काही जमेल ते. वय 41, सायकल हायब्रिड आहे, 35 मिमीचे टायर, पुढे तीन चाकत्या. 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) वेळेत झालीये, घोडबंदर-येऊर नेहमीचं आहे, पण सामान लादून सलग आठवडाभर कधी चालवलेली नाही. तर विचारायचं होतं की यातलं आधी काय करू, कुठल्या महिन्यात करू, आणि दिवसाला किती किमी धरू? अजून एक, येताना सायकल परत कशी आणतात लोक? ट्रेनने आणली असेल कोणी तर सविस्तर सांगा प्लीज. घरून एकट्याने जायला विरोध आहे, तो मी बघतो.

सड्यावरून:
आधी कोकण करा, डोळे झाकून. तिन्ही एका वर्षात बसवायचा प्रयत्न करू नका, लेह मनात आहे ना, मग लेह हे वर्षाचं मोठं काम धरा आणि बाकी सगळं त्याची तयारी म्हणून लावा. कोकण त्यासाठी एक नंबर आहे कारण तिथे चढ संपतच नाहीत.

हे नीट समजून घ्या कारण नकाशावर किनारा बघून लोकांना वाटतं सपाट रस्ता असणार. तसं नाहीये. गाव असतं खाडीच्या किंवा समुद्राच्या पातळीला, गावातून बाहेर पडलं की रस्ता चढून सड्यावर जातो, सड्यावर पाच-दहा किमी उघडं माळरान, जांभा दगड, सावली नाही, दुकान नाही, मग पुढच्या खाडीकडे सरळ खाली उतार, पूल किंवा फेरी, आणि परत चढ. दिवसातून हे तीन-चार वेळा. चढ लांबीला फार नसतात पण उभे असतात, 70 किमीच्या दिवसात हजार मीटरच्या वर चढाई सहज होते. त्यामुळे दिवसाला 65 ते 75 धरा, त्याच्या वर नको. पुढे तीन चाकत्या आहेत म्हणताय ते फार चांगलं, सर्वात छोटी चाकती तुम्हाला रोज लागणार.

रूट असा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणारी मोठी बोट) मांडवा, सायकल सरळ आत ढकलत न्यायची, वडखळचा ट्रॅफिक अख्खा टळतो. मग अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांडा-दिघी फेरी. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडला-वेसवी फेरी. केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोलीच्या खालून दाभोळ. दाभोळ-धोपावे फेरी. गुहागर. तवसाळ-जयगड फेरी. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. तिथून पुढे पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, तिथून परुळे, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, आणि शेवटी तेरेखोल-केरी फेरी घेतली की गोवा. सगळं मिळून पाचशे ते साडेपाचशे किमी होतं, आतल्या गावांत किती शिरता त्यावर आहे. आठ दिवस ठेवा, नववा दिवस हातात राखून.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. हिवाळ्यात दुपारनंतर किनाऱ्यावर वायव्येचा वारा सुटतो, खाली जाताना तो थोडाफार पाठीवर मिळतो, उलट आलात तर दुपारी बरोब्बर दमलेला असताना तोंडावर.

महिना म्हणाल तर नोव्हेंबरचा शेवट ते 15 डिसेंबर, नाहीतर सरळ जानेवारी. 20 डिसेंबर ते 2 जानेवारी या दिवसांत किनाऱ्यावर जाऊच नका, खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट भावाने, आणि त्या अरुंद रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या वळणावर ओव्हरटेक करत असतात. फेब्रुवारी निम्मा झाला की सड्यावर दुपारी उभं राहवत नाही.

आणि दिवस आखताना किमीपेक्षा तीन गोष्टी बघा: उजेड, फेरी आणि जेवण. डिसेंबरात सात वाजता नीट दिसायला लागतं आणि सहाला अंधार, आतल्या रस्त्यांना दिवे नाहीत, काही ठिकाणी खड्डे आहेत आणि चिरेखाणींचे ट्रक चालू असतात, तेव्हा चारपर्यंत मुक्कामी पोचायचंच. फेऱ्यांची वेळ आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी विचारून घ्यायची, दुपारी जेवणाच्या वेळेला गॅप मोठी पडू शकते. आणि कोकणात घरगुती जेवण हवं असेल तर आधी फोन करून सांगावंच लागतं, आयत्या वेळी गेलात तर ते लोक नाही म्हणणार नाहीत पण मग तुम्हाला पण तासभर बसावं लागतं. आम्ही सकाळी निघतानाच पुढच्या ठिकाणी फोन करायचो, किती माणसं, शाकाहारी की मासे, किती वाजता. एकदा केळशीच्या पुढे एका घरी असं सांगून पोचलो तर काकूंनी गरम भाकऱ्या, कुळथाचं पिठलं आणि सोलकढीचा अख्खा तांब्या समोर ठेवला, वर जाताना मिठाची पुडी आणि दोन आवळे दिले, सड्यावर चढताना चघळा म्हणाल्या. घामाने मीठ जातं हे त्यांना कोणी शिकवायला लागत नाही.

केपी_निगडी:
+1 कोकणाला. फक्त आरे-वारेला फोटोसाठी उतारावर थांबू नका, वरच्या वळणावर जागा आहे तिथे थांबा.

कन्याकुमारीबद्दल, मी 66 नंबर हायवेने गेलोय. कारवार ते उडुपी झकास, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री, गोकर्ण-मुर्डेश्वर मुक्काम करायला छान. पण मंगळूर सोडलं की मजा कमी होत जाते, केरळात एक गाव संपून दुसरं कधी सुरू झालं कळत नाही, सगळीकडे ट्रॅफिक आणि हायवे रुंदीकरणाची कामं, शिवाय दमट हवा. पहाटे साडेपाचला निघून अकरापर्यंत निम्म्याहून जास्त अंतर उरकायचं हाच उपाय. दुसरा रस्ता कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम, मदुराई असा आतून, चौपदरी, रुंद शोल्डर, अंतर भराभर कापलं जातं पण दिवसभर ट्रकचा आवाज कानात. दोन्हीकडून दीड हजार किमीच्या पुढेमागे, म्हणजे रोज शंभर केले तरी पंधरा-सोळा दिवस. तुमच्या तीन आठवड्यांत हे घेतलं तर बाकी काही उरत नाही, तेव्हा मी म्हणेन ही त्याच्या पुढच्या वर्षी, डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात तर अजिबात नको, मदुराईकडून खाली तिरुनेलवेलीच्या पुढे मुप्पंदलला पवनचक्क्यांचं जंगल आहे, तिथे जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा सायकलसकट माणसाला बाजूला ढकलतो.

हिमगौरी:
मनाली-लेह बद्दल मी लिहिते, बाकीचे रूट वर आलेच आहेत.

दादा, तुमची 200 ची बीआरएम झालीये म्हणजे पायात दम आहे, त्याची काळजी नको. तिथे प्रश्न पायांचा नसतो, उंचीचा असतो, आणि ट्रेनिंग केलेल्या माणसाला तो जास्त धोका असतो कारण तो अंगात ताकद आहे म्हणून भराभर वर जातो. हे कळकळीने सांगतेय. मनाली साधारण 2000 मीटर, जिस्पा 3200, आणि त्याच्या पुढे झोपण्यासारखी जागा थेट 4200 च्या वर, झिंगझिंगबार किंवा सरचू. तीन हजारच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात, या रस्त्यावर ते पाळताच येत नाही. म्हणून जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढायच्याच, मधल्या दिवशी रिकाम्या सायकलने थोडं वर चढून परत खाली यायचं. मनालीत पण आधी दोन दिवस राहा. डोकं ठणकतंय, मळमळतंय, झोप नाही, जेवण नको वाटतंय असं झालं की पुढे जायचं नाही, आणि चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र आहे पहाट आहे न बघता मिळेल त्या गाडीने खाली. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, ग्रुपमधल्या कोणाचं ऐकून नको.

जिस्पाच्या पुढच्या खिंडी क्रमाने: बारालाचा ला साधारण 4900, मग सरचू, मग गाटा लूप्सची 21 वळणं, नकी ला, लाचुलुंग ला 5000 च्या वर, पांग, मोरे प्लेन्सचं लांबच लांब मैदान, आणि शेवटी तांगलांग ला 5300 च्या वर. तिथून उतरलात की रुमत्से, उपशी आणि सिंधूच्या काठाने लेह. मोरे प्लेन्स दुपारी वाऱ्यामुळे फार जीव खातात, पांगहून पहाटे निघायचं आणि मैदान सकाळीच पार करायचं. ओढ्यांचं पाणी पण सकाळी कमी असतं, दुपारी वरचा बर्फ वितळला की रस्त्यावरून गुडघाभर वाहतं, त्यामुळे सगळं काही सकाळीच असं समजा.

महिना: ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते 15 सप्टेंबर. जुलै-ऑगस्टच्या सुरुवातीला मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात रात्री फार गार आणि तंबू-ढाबे आवरायला लागतात. दहा दिवस सायकलिंगचे आणि जाण्यायेण्याचे धरून दोन आठवडे लागतील. दारचाच्या पुढे नेटवर्कच्या भरवशावर राहू नका आणि लडाखमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड करून घ्या. घरी आधीच सांगून ठेवायचं की या-या दिवशी फोन येणार नाही. मी तर आईला गावांची नावं आणि तारखा कागदावर लिहून देऊन गेले होते, तो कागद फ्रिजवर लावलेला होता आणि ती रोज एक नाव खोडत होती.

एकट्याने पहिल्यांदा नको. निदान एक जोडीदार तरी हवाच, आजारी पडलं तर दुसऱ्याने गाडी थांबवायला.

जुना_हर्क्युलस:
ट्रेनचं मी सांगतो, आमची पिढी हेच करत आली. गोव्यात सायकल बुक करायला मडगावला जा, थिवी किंवा सावंतवाडीच्या नादी लागू नका. कारण ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीचा सामानाचा डबा) माल चढवायला गाडी पुरेशी थांबायला हवी आणि स्टेशनवर पार्सल ऑफिस हवं. आपलं रिझर्व्हेशनचं तिकीट दाखवून त्याच गाडीला लगेज म्हणून बुक करायची, दोन-तीन तास आधी पोचा. गोणपाट आणि सुतळी सोबत ठेवा, गीअरच्या बाजूला जाड पुठ्ठा बांधा, पेडल काढून पिशवीत, हँडल वळवून फ्रेमला समांतर. नाव, फोन, पीएनआर, कुठून कुठे हे मार्करने दोन ठिकाणी लिहा, एक पुठ्ठ्यावर आणि एक थेट फ्रेमला चिकटपट्टी लावून, कारण पुठ्ठा फाटतो. लाइट, मीटर, बाटल्या, पंप सगळं काढून आपल्यासोबत. चढवताना समोर उभं राहा आणि हमालदादांशी चांगलं बोला, सायकल सर्वात वर ठेवतात मग. उतरल्यावर पावती हातात घेऊन लगेच ब्रेकव्हॅनकडे जायचं.

पंक्चर किटबिट सगळे सांगतात, मी दोन गोष्टी सांगतो ज्या गावात मिळत नाहीत. एक गीअर हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे गीअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्या छोट्या तुकड्याला लटकतो तो, सायकल आडवी पडली की तोच वाकतो किंवा तुटतो, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. निघायच्या महिनाभर आधी दुकानातून मागवून ठेवा. दुसरं, तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर त्याचा पितळी अडॅप्टर, सुपारीएवढा पण नसतो, तो लावला की पेट्रोल पंपावर हवा भरता येते. गावातल्या सायकलवाल्याकडे पंप असतो पण त्याचं तोंड जुन्या व्हॉल्व्हचं. सामान दोन्ही पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या बॅगा) मिळून आठ-नऊ किलोच्या आत ठेवा, आणि जायच्या आधी तेवढंच वजन लादून एकदा कसारा घाट चढून बघा.

केपी_निगडी:
काकांच्या वजनाच्या मुद्द्याला सहमत पण लेहला आठ किलोत भागणार नाही, थंडीचे कपडेच तीन किलो होतात.

हिमगौरी:
@केपी, भागतं. त्या सीझनला झिंगझिंगबार, सरचू, पांग सगळीकडे ढाब्यात गादी-रजई आणि जेवण मिळतं, तंबू-स्लीपिंग बॅग घरी ठेवली की दहाच्या आत बसतं. डाउन जॅकेट, थर्मल एक जोड, हातमोजे चांगले घ्या, उतरताना बोटं बधिर झाली तर ब्रेक दाबता येत नाही. आणि ब्रेक पॅडचे दोन जोड.

ठाणेकर_पेडल:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं. तर आता असं ठरवतोय: जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोकण, आठ अधिक एक दिवस, मांडवा ते केरी आणि मडगावहून ट्रेन. मार्चच्या आत एक 300 ची बीआरएम. एप्रिल-मे पहाटेचा कसारा आणि माळशेज. आषाढीच्या आधी पंढरपूरला सायकलने जाणाऱ्या ग्रुपबरोबर जायचं, सलग दोन-तीन दिवस पावसात चालवायची सवय होईल म्हणून. आणि ऑगस्टच्या शेवटी मनाली-लेह, दोन आठवडे. कन्याकुमारी त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. भाऊ मनाली-लेहला यायला तयार झालाय पण त्याने कधी गिअरची सायकल चालवलेली नाही, त्याला कोकणातच सोबत घेऊ का?

सड्यावरून:
घ्याच. त्याआधी नोव्हेंबरात दोघं शनिवार-रविवार मांडवा ते मुरूड आणि परत करून या, सामान लादून. रेवदंड्यापुढे काशीदला छोटा घाट आहे, तिथे त्याला चढाच्या आधी गिअर हलका करायची सवय लावा, चढात जोर लावून बदलायला गेला की चेन उतरते. आणि हँगर दोन मागवा, त्याच्या सायकलचा वेगळा असेल.