पुस्तक आणि सिनेमा दोन्हीवर मिळून एकच रिव्ह्यू लिहायचा तर कसा लिहावा?

पानोपानी

नमस्कार मंडळी. यंग अ‍ॅडल्ट (वायए, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या) कादंबऱ्या मी बरीच वर्षं वाचतेय, अगदी आवडीने, आणि आता त्यांच्यावर आलेल्या सिनेमांसकट लिहायचं मनात आहे, म्हणजे एकाच लेखात पुस्तक पण आणि सिनेमा पण. सुरुवात 'द हंगर गेम्स'पासून करतेय, पुस्तक (२००८) नुकतंच परत वाचून काढलं आणि सिनेमा (२०१२) परवा पुन्हा बघितला.

आता गाडी अडलीय ती इथे. असे जे रिव्ह्यू वाचायला मिळतात त्यातले बरेचसे म्हणजे नुसती यादी असते, हे गाळलं, ते बदललं, अमक्याला काढूनच टाकलं आणि शेवटी काय तर पुस्तकच भारी. वाचून झाल्यावर पुस्तकाबद्दलही काही कळत नाही आणि सिनेमाबद्दलही नाही. मला तसं लिहायचं नाहीये. पण मग बदलांबद्दल बोलायचंच नाही का? तेही पटत नाही, कारण ज्याला पुस्तक आवडलंय तो नेमकं तेच वाचायला येतो.

दुसरं म्हणजे आधी काय घ्यावं, पुस्तक की सिनेमा? आणि वाचणाऱ्यांत चौदा-पंधरा वर्षांची मुलंही असणार, त्यांचे आईबाबाही असणार, तर लिहिताना डोळ्यासमोर कोणाला ठेवायचं? तुमच्यातलं कोणी असं लिहीत असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

तिसरी_रांग

मी लिहितो असं, आणि हा विषय मला फार जवळचा आहे त्यामुळे लांबण लागणार. पुढे स्पॉयलर आहेत, ज्यांनी वाचलं किंवा बघितलं नसेल त्यांनी थांबा.

माझं म्हणणं एका वाक्यात असं की बदल मोजू नका, गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजाचं काय झालं ते बघा. वायए कादंबरीचा जीव बहुतेक वेळा त्या आवाजात असतो. पंधरा-सोळा वर्षांची एक व्यक्ती 'मी' म्हणून बोलतेय, आणि तीही मागे वळून शहाणपणाने नाही तर आत्ता, घडतंय तसं. 'हंगर गेम्स' तर पूर्ण वर्तमानकाळात आहे. (ज्यांना गोष्टच माहीत नाही त्यांच्यासाठी: सत्ताधारी दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी रिंगणात उतरवतात, एकच जिवंत उरेपर्यंत, आणि ते सगळं टीव्हीवर दाखवतात. कॅटनिस आणि पीटा एकाच जिल्ह्याचे, आणि हेमिच हा त्यांचा मार्गदर्शक, तो बाहेरून वस्तू पाठवू शकतो.) आपल्याला कॅटनिसच्या डोक्याबाहेर काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याला हे जमत नाही, तो माणसाला बाहेरूनच बघणार. मग दिग्दर्शकाने त्या आतल्या बडबडीच्या जागी काय आणून ठेवलं, हा खरा प्रश्न.

एकच प्रसंग घ्या. गुहेत पीटा तापाने फणफणलाय, कॅटनिस त्याचं चुंबन घेते आणि वरून पॅराशूटने सूपचं भांडं येतं. पुस्तकात भांड्याबरोबर चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. ती स्वतः हिशेब लावते, की हेमिचला प्रेमप्रकरण हवंय, प्रेक्षकांना ते आवडतंय, एका चुंबनाला एक भांडं. त्याच्या आधी पाण्यासाठी जीव चाललेला असतो तेव्हाही तसंच, हेमिच पाणी पाठवत नाही आणि त्या न पाठवण्यावरून ही ओळखते की पाणी जवळच असणार. दोन माणसं एकमेकांशी एक शब्दही न बोलता बोलतायत, आणि वाचताना आपणही तिच्याबरोबर ते गणित सोडवत असतो. सिनेमात सूपबरोबर हेमिचची चिठ्ठी येते, याला चुंबन म्हणतात का अशा अर्थाची. काम झालं, प्रेक्षकाला कळलं, पण गणित सोडवणारी मुलगी गेली आणि सूचना पाळणारी मुलगी आली. बदल बघायला गेलं तर एका कागदाच्या तुकड्याएवढा आहे. पण माझ्या मते पीटाचा पाय पुस्तकात कापावा लागतो आणि सिनेमात शाबूत राहतो, ज्याच्यावर सगळे तुटून पडतात, त्यापेक्षा हा बदल मोठा आहे. (पायाचंही महत्त्व आहेच, जिंकण्याची किंमत शरीराने मोजावी लागते हे त्यातून दिसतं, पण ते लगेच डोळ्यात भरतं म्हणून सगळ्यांच्या लिहिण्यात येतं.)

याचाच पुढचा धागा म्हणजे शेवट. पुस्तकात घरी परतताना पीटाला समजतं की यातलं बरंचसं खेळासाठी केलेलं होतं, आणि ते वाचताना पोटात कालवतं, कारण आपल्याला ते आधीपासून माहीत होतं आणि त्यात आपणही सामील असल्यासारखं वाटतं. सिनेमात तो उलगडा होतच नाही, दोघं विसरण्याबद्दल दोन-चार वाक्यं बोलतात आणि विषय संपतो. आता हे वाईट का चांगलं ते तुम्ही ठरवा, पण रिव्ह्यूमध्ये लिहायचं ते हे. तिचा आतला आवाज काढला की प्रेमकथा खरी वाटायला लागते, आणि जी गोष्ट दिखाव्याबद्दल होती तीच अर्धवट दिखाव्याला फसते.

रात्रपाळी

आधी पुस्तक. आणि पुस्तक संपल्या संपल्या, सिनेमा बघायच्या आत, मनात काय राहिलंय ते लिहून ठेवा, चार ओळी का होईना. सिनेमा बघितल्यावर चेहरे बदलतात. एकदा कॅटनिस म्हटल्यावर जेनिफर लॉरेन्स डोळ्यासमोर यायला लागली की तुमची आधीची कॅटनिस कशी होती ते कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

उजेड_अंधार

तिसरी_रांग, छान लिहिलंय, पण मला दुसऱ्या बाजूने बोलायचंय. मी हा सिनेमा पुस्तक न वाचता बघितला आणि मला तो पूर्ण वाटला. सिनेमावर लिहिताना आधी तो सिनेमा म्हणून उभा राहतो का हे सांगा ना, प्रत्येक वेळी पुस्तकाकडे हजेरी कशाला लावायला हवी?

आणि डोक्याबाहेर पडण्यात फक्त तोटाच असतो असंही नाही. रू, म्हणजे रिंगणातली कॅटनिसची छोटी साथीदार, मरते त्यानंतरचं बघा. पुस्तकात तिच्या जिल्ह्याचे लोक कॅटनिसला पाव पाठवतात (हे मी नंतर वाचलं), सिनेमात त्याच जागी जिल्हा अकरामध्ये उठाव होतो. कॅटनिस रिंगणात आहे, तिला त्यातलं काहीही माहीत नाही, आपल्याला मात्र दिसतं की तिने फुलं वाहिली त्याचा बाहेर काय भडका उडालाय. तसंच ती कंट्रोल रूम, जिथे बसून माणसं बटणं दाबून जंगलाला आग लावतात आणि कुत्र्यांसारखी जनावरं तयार करतात, अगदी शांत चेहऱ्याने, ऑफिसातलं काम असल्यासारखं. पुस्तक तिच्या 'मी'मध्ये अडकलेलं असल्यामुळे हे दाखवूच शकत नाही. शिवाय लेखिका स्वतः पटकथेत सहभागी होती, म्हणजे कोणीतरी बाहेरचा येऊन मोडतोड करून गेला असं म्हणायलाही जागा नाही.

तिसरी_रांग

हे मान्य, आणि पावाचं उदाहरण तर एकदम चपखल दिलंत. पण बघा, दोन्हीचा अर्थ वेगळा आहे. पाव पाठवणारे लोक गरीब आहेत, पोटाला चिमटा काढून ते एका परक्या जिल्ह्यातल्या मुलीला काहीतरी देतात, ती कृतज्ञता आहे आणि ती कॅटनिसपर्यंत पोचते. उठाव म्हणजे राग, आणि तो तिच्यापर्यंत पोचत नाही. मला पाव हवा होता, पण उठावाने पुढच्या भागांची पायाभरणी लवकर झाली हेही खरं. असं लिहिलं की दोन्ही वाचून-बघून आलेल्या माणसाला हाताला काहीतरी लागतं.

सिनेमा सिनेमा म्हणून उभा राहायला हवा याबद्दल वादच नाही. पण पानोपानी दोन्हीवर मिळून लिहितायत, तर तुलना टाळून कसं चालेल.

अबोलीची_फुलं

आईबाबांचा प्रश्न राहिला म्हणून लिहिते, मी मुलांसाठीच्या पुस्तकांवर नियमित लिहिते.

एक कळकळीची विनंती. मोठ्या माणसाच्या वैतागातून वायए पुस्तकाला मार्क देऊ नका. 'हिला एवढं साधं कळत कसं नाही', 'किती ते रडणं', 'दोघं बसून बोलले असते तर पन्नास पानं कमी झाली असती', हे मी इतक्या ठिकाणी वाचलंय. अहो, ती सोळा वर्षांची आहे! तिला कळत नाही हीच तर गोष्ट आहे. तुम्हाला राग आला तर तो लेखकाने त्या वयाशी प्रामाणिक राहिल्यामुळे आलाय का, की प्रसंगच कच्चा आहे म्हणून आलाय, हे स्वतःला विचारा आणि मगच लिहा. 'द आउटसायडर्स' १९६७ मध्ये आली तेव्हा एस. ई. हिंटन अठरा वर्षांची होती, लिहायला सुरुवात तर पंधराव्या वर्षी केलेली. त्यातला भाबडेपणा कच्चा म्हणून सोडून दिला तर पुस्तकातला निम्मा प्राण गेला. आणि त्याचा सिनेमा कसा झाला माहितीय का, एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी आणि मुलांनी सह्या करून फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला पत्र धाडलं, की यावर सिनेमा तुम्हीच करा. १९८३ मध्ये केला त्याने. पुढे २००५ मध्ये पहिल्या वेळी कापलेले प्रसंग परत घालून लांबलेली आवृत्तीही काढली. म्हणजे त्या वयाचे वाचक काही कमी गांभीर्याने वाचत नाहीत, आपण त्यांना तसं धरून लिहायला नको.

सिनेमाबद्दल लिहिताना वय दोन ठिकाणी बघा. एक, नटांचं. पर्सी जॅक्सन पहिल्या पुस्तकात बारा वर्षांचा आहे, २०१० च्या सिनेमात त्याला सरळ हायस्कूलमधला करून टाकला. बारा वर्षांच्या पोराने आईसाठी पाताळात उतरणं आणि सोळा-सतरा वर्षांच्याने उतरणं यात केवढा फरक आहे! तेच वाक्य लहान तोंडात धीराचं वाटतं आणि मोठ्या तोंडात फुशारकीचं. २०२३ ला सिरीज आली तेव्हा त्या वयाच्या जवळचा मुलगा घेतला आणि लगेच सूर बदलला.

दुसरं, सर्टिफिकेटचं वय. 'हंगर गेम्स'मध्ये मुलं मुलांना मारतात, पण सिनेमा तर मुलांनी बघायला हवा, मग कॅमेरा हलतो, वार दिसायच्या आत शॉट तुटतो. ब्रिटनमध्ये १२ए (बारा वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबर बघायचं सर्टिफिकेट) मिळावं म्हणून सात सेकंद कापावे लागले होते. पुस्तकाला असली काही कात्री नाही, ते वाचणाऱ्याला पूर्ण बघायला लावतं. एखाद्या आईने विचारलं की माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला चालेल का, तर सिनेमाचं उत्तर आणि पुस्तकाचं उत्तर वेगवेगळं येऊ शकतं, ते दोन्ही स्पष्ट लिहा. कोण मरतं ते नका सांगू, कशा प्रकारची हिंसा आहे ते सांगा.

मधलं_पान

आवाजाबद्दल चाललंय म्हणून. 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' (१९९९) हे सगळं पत्रांत आहे, चार्ली एका अनोळखी मित्राला लिहितोय. २०१२ चा सिनेमा लेखक स्टीफन चबॉस्कीनेच दिग्दर्शित केला, तरी बहिणीचं एक अख्खं उपकथानक त्यात नाही. लेखक स्वतःच गाळतो तिथे 'मूळ कलाकृतीशी बेईमानी' म्हणणार तरी कसं.

आणि मराठीतलं 'शाळा' विसरू नका, मिलिंद बोकीलांचं. नववीतला मुकुंद, मागे आणीबाणी, आणि सगळी मजा त्याच्या बोलण्यात. त्यावर सुजय डहाकेने सिनेमा केलाय. तिसरी_रांग म्हणतायत तो आवाजाचा प्रश्न तिथे लावून बघा, खूप सापडेल.

पानोपानी

सगळ्यांचे मनापासून आभार. सूपच्या चिठ्ठीवरून मी परत जाऊन पुस्तकातलं ते पान काढलं आणि लेखाची सुरुवात तिथूनच करायची ठरवलीय. 'शाळा' लगेच त्याच्यानंतर घेते.

अजून एक विचारू का, मालिकांचं काय करायचं? 'हंगर गेम्स'चा तिसरा भाग 'मॉकिंगजे' हे एक पुस्तक आणि सिनेमे दोन, २०१४ आणि २०१५. दोन्हीवर मिळून एकच लेख लिहू का वेगवेगळे?

तिसरी_रांग

एकच लिहा, पुस्तक एकच आहे. पण पहिला भाग जिथे तोडलाय ती जागा नीट बघा. पीटा परत येतो आणि कॅटनिसचा गळा धरतो, साधारण तिथेच. पुस्तकात तो मधला धक्का आहे आणि पुढच्याच पानावर आयुष्य चालू होतं, सिनेमात त्याच्यावर एक वर्ष थांबायला लागलं. त्या थांबण्याने प्रसंग मोठा झाला का नुसता ताणला गेला, ते लिहा. बाकी दोन भाग करायची साथ 'हॅरी पॉटर'पासून लागली (२०१० आणि २०११), मग 'ट्वायलाइट'ने केलं, आणि 'डायव्हर्जंट'वाल्यांनी केलं तेव्हा २०१६ च्या 'अलिजियंट'नंतरचा शेवटचा सिनेमा झालाच नाही. त्या मालिकेवर लिहाल तेव्हा वाचणाऱ्याला सुरुवातीलाच सांगून टाका, की सिनेमे मध्येच थांबलेत, शेवट हवा असेल तर पुस्तकच उघडावं लागेल.

अबोलीची_फुलं

लेख झाला की इथे लिंक टाका हं. आणि जमलं तर त्या वयाच्या एखाद्या वाचकाला आधी वाचायला द्या, मी दर वेळी देते. कुठे उपदेश झालाय ते त्यांना पहिल्या परिच्छेदातच कळतं.