इग्वासू: अर्जेंटिनाची बाजू वगळू नका

इग्वासू हा ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरचा धबधबा. 'ब्राझीलकडून सगळा धबधबा एका नजरेत दिसतो, मग अर्जेंटिनाला कशाला जायचं?' असं एकाने विचारलंय. माझं मत अगदी उलट आहे. ब्राझीलकडून चित्र दिसतं, पण अर्जेंटिनाकडून तुम्ही त्या चित्रात शिरता. सुमारे 275 धारांपैकी बहुतेक त्याच बाजूला आहेत.

सकाळी अर्जेंटिनाकडचं राष्ट्रीय उद्यान उघडताच आत जा आणि छोट्या रेल्वेने थेट 'सैतानाचा घसा', म्हणजे इथली सगळ्यात मोठी धार, गाठा. स्थानकापासून नदीवरून जाणारा साधारण एक किलोमीटरचा पूल आहे. पाणी संथ, शेवाळी, काठावर फुलपाखरं. आणि मग अचानक जवळपास 80 मीटर खोल दरी, जवळपास निम्मी नदी त्यात कोसळतेय! मी तिथे अर्धा तास नुसती उभी होते, चिंब भिजून. तुषारांतून काळसर पाकोळ्या सरळ पाण्याच्या पडद्यात घुसतात, कारण त्यांची घरटी मागच्या कड्यावर असतात. त्या नक्की बघा.

पूर आला की हा पूल बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. कोआटी (रॅकूनच्या कुळातले लांब शेपटीचे प्राणी) गोड दिसतात, पण डबा हिसकावतात आणि चावतातही, मुलांना जपा. हाताशी दोन दिवस असतील तर पहिला ब्राझीलला द्या, दुसरा अर्जेंटिनाला. दोन्ही व्हिसांचं मात्र इथूनच बघून निघा.