पाय आधी ताठ, मग दुमडलेले: मणक्याच्या टीबीत असं का होतं?

लातूर_फिजिओ
बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) तिसरं वर्ष. डी ८ मणक्याचा, म्हणजे छातीमागच्या आठव्याचा, टीबी आणि मज्जारज्जूवर दाब, असा विषय चालू आहे. पुस्तकात दिलंय की आधी 'पॅराप्लेजिया इन एक्स्टेन्शन' (दोन्ही पाय निकामी, पण ताठ) होतो आणि दाब वाढला की 'इन फ्लेक्शन' (पाय दुमडलेले). पाठ झालंय, पण डोक्यात शिरंना. कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट (मेंदूच्या कॉर्टेक्समधून हालचालीचा हुकूम खाली आणणारा तंतूंचा जुडगा) गेला तर पाय लुळा पडायला पाहिजे, ताठ कशामुळं होतो? दुसरं, टीबीची कीड मणक्याच्या बॉडीत (पुढच्या जाड भागात), म्हणजे दाब पुढून येतो. व्हेस्टिब्युलोस्पायनल (तोल सांभाळणारा ट्रॅक्ट) तर मज्जारज्जूच्या पुढच्याच फ्युनिक्युलसमध्ये (तंतूंच्या पट्ट्यात) आहे. मग आधी तो दबायला नको का?
आणि वॉर्डात हा फरक ओळखायचा कसा? गावाकडचे पेशंट "पाय लाकडावानी झालेत" एवढंच सांगतात.

गोदाकाठ
"पाय लाकडावानी" हे वाक्य फार मोलाचं आहे. ते ऐकलं की पाय ओढला जातो का, चालताना चप्पल नकळत निसटते का, हे लगेच विचारा.

आता पहिली शंका. ताठरपणाचं सगळं खापर पिरॅमिडल, म्हणजेच कॉर्टिकोस्पायनल, ट्रॅक्टवर फोडायची आपल्याला सवय लागलीय. लॉरेन्स आणि कायपर्स यांनी १९६८ मध्ये माकडांचे दोन्ही पिरॅमिड, म्हणजे हाच ट्रॅक्ट दोन्ही बाजूंना, कापून पाहिले. माकडं सावरल्यावर चालू लागली, चढू लागली. कायमचं गेलं ते एकेक बोट सुटं हलवण्याचं कसब. म्हणजे हा ट्रॅक्ट मुख्यतः नेमक्या, सुट्या हालचालीचा. अंग तोलून धरणं आणि टोन (स्नायूंचा मुळातला ताण) हे मेंदूच्या देठातून उतरणाऱ्या ट्रॅक्टांचं काम.

ते कुठून जातात ते बघा. पार्श्व (बाजूच्या) फ्युनिक्युलसमध्ये पार्श्व कॉर्टिकोस्पायनल असतो. मेड्युलाच्या (मेंदूच्या देठाचा सर्वांत खालचा भाग) खालच्या टोकाला साधारण ८५ ते ९० टक्के तंतू बाजू बदलून इथं येतात. त्याला चिकटूनच मेड्युलातून येणारा रेटिक्युलोस्पायनल ट्रॅक्ट असतो. हा स्ट्रेच रिफ्लेक्सला (ताणलं की स्नायू आखडण्याला) लगाम घालतो, पण त्याला स्वतःला वरून कॉर्टेक्सचा हुकूम लागतो. पुढच्या फ्युनिक्युलसमध्ये व्हेस्टिब्युलोस्पायनल आणि पॉन्समधला (मेड्युलाच्या वरचा भाग) रेटिक्युलोस्पायनल. हे दोघं एक्स्टेन्सर (सांधा सरळ करणाऱ्या) स्नायूंना चेतवतात आणि कॉर्टेक्सच्या हुकुमाची वाट बघत नाहीत.

पार्श्व भाग निकामी झाला की हालचालही जाते आणि लगामही सुटतो. पुढचे दोघं मात्र चालूच, म्हणून गुडघा सरळ, पाऊल खाली ताणलेलं, मांड्या एकमेकींना चिकटलेल्या. दाब आणखी वाढून पुढचेही गेले की एक्स्टेन्सरला चेतवणारं कुणी उरत नाही. खाली राहतो तो मज्जारज्जूचा स्वतःचा विथड्रॉवल (पाय आखडून घेण्याचा) रिफ्लेक्स, आणि तो फ्लेक्शनचा. नुसती चादर लागली तरी पाय पोटाकडं ओढला जातो. म्हणून दुमडलेले पाय म्हणजे दुखापत जास्त खोल.

रुब्रोस्पायनलचा (हाही मेंदूच्या देठातून येणारा ट्रॅक्ट) इथं उल्लेख करू नका. माणसात तो बारीक असतो आणि मानेच्या भागापर्यंतच नीट पोचतो. पायांशी त्याचा फारसा संबंध नाही. तोंडी परीक्षेत हमखास चुकतं.

मांजरा_न्यूरो
दुसऱ्या शंकेचं उत्तर: दाब सुरीसारखा कापत येत नाही. मज्जारज्जू दोन्ही बाजूंना डेंटेट लिगामेंटनं (बारीक बंधांनी) ड्युराला, म्हणजे बाहेरच्या जाड आवरणाला, बांधलेला असतो. पुढून रेटला की मागं सरकायला बघतो, पण कडेला अडकतो, आणि ताण पार्श्व भागावर पडतो. दाबानं रक्तपुरवठाही आखडतो. शिवाय पुढचा रेटिक्युलोस्पायनल पसरलेला, दोन्ही बाजूंना जाणारा, त्यामुळं तो लवकर पुरता संपत नाही.

तपासणीचं बघा. आधी लेव्हल, म्हणजे दाब कुठं आहे ते. मणक्याचा आणि सेगमेंटचा (त्याच्या आतल्या मज्जारज्जूच्या तुकड्याचा) आकडा एक नसतो. सेगमेंट काढायला मणक्याच्या आकड्यात मानेत १ मिळवा, डी १ ते ६ ला २, डी ७ ते ९ ला ३. डी १० च्या मणक्याशी एल (कंबरेचे) १-२ सेगमेंट, डी १२ शी एल ५ च्या आसपास. म्हणजे तुमच्या डी ८ च्या पेशंटमध्ये सेगमेंट डी ११: संवेदना बेंबीच्या किंचित खाली बदलेल, पोटाचा (कातडी ओरखडल्यावर पोट आखडण्याचा) वरचा रिफ्लेक्स मिळेल, खालचा मिळणार नाही. कीड एल २ किंवा त्याखाली असेल तर तिथं मज्जारज्जूच नाही. कॉडा इक्वायना (मज्जारज्जूखालचा नसांचा झुबका) दबेल, पाय लुळे पडतील आणि रिफ्लेक्स जातील. तिथं ताठरपणा दिसला तर वर आणखी एखादी जागा शोधा.

प्लँटर (तळवा ओरखडून अंगठा वर जातो का ते बघणं) बोथट किल्लीनं, टाचेपासून बाहेरच्या कडेनं सावकाश, बोटांच्या बुडाशी आत वळवून अंगठ्याच्या अलीकडं थांबायचं. अंगठ्याची पहिली हालचाल तेवढी मोजायची. शेतात अनवाणी राबणाऱ्यांचे तळवे जाड आणि भेगाळलेले असतात, तिथं उत्तर मिळत नाही. मग बाहेरच्या घोट्याखालून करंगळीकडं ओढा, म्हणजे चॅडॉक. क्लोनससाठी (पावलाचे आपोआप पडणारे ठोके) गुडघा थोडा वाकवा, पाऊल झटक्यात वर करा आणि दाब सोडू नका. न थांबणारे ठोके म्हणजे दोष नक्की.

मणक्याच्या टीबीत सुरुवातीला पेशंटची पायांबद्दल काहीच तक्रार नसते, फक्त प्लँटर वर आणि क्लोनस. अस्थितज्ज्ञ तुलींच्या वर्गीकरणातली ही पहिली पायरी. दुसरीत आधारानं चालतो, तिसरीत चालणं बंद आणि पाय ताठ, चौथीत फ्लेक्सर स्पाझम (पाय दुमडवणारे झटके), लघवी-शौचावरचा ताबा गेलेला. पहिल्या पायरीवर पकडलं तर पुष्कळ वाचतं. पाठदुखीच्या प्रत्येक पेशंटला मोजे काढायला लावा.

लातूर_फिजिओ
सर, आता चित्र उभं राहिलं. एकच राहिलं: नातेवाईक म्हणतात "पाय आपोआप वर येतोय, सुधारणा हाय". त्यांना काय सांगायचं?

गोदाकाठ
तिथंच नीट तपासा. पायाला हात न लावता, पांघरूण काढून म्हणा, "अंगठा हलवा". सांगून हलला तर सुधारणा. स्पर्शानंतर किंवा आपोआप तिन्ही सांधे एकदम वाकले तर तो रिफ्लेक्स. स्पष्टच सांगा, पण धीर तोडू नका.

आधी ताठ असलेले पाय आता दुमडायला लागले तर ती बढती समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, एमआरआय बघायला सांगा. घाटीला (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात पाठवायचं असेल तर उशीर नको. स्पाझम अचानक वाढले तर कारण खालीही असतं: तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, बेडसोर, बोटात रुतलेलं नख. ते काढल्याशिवाय स्ट्रेचिंग टिकत नाही. दर २ तासांनी कूस बदला. आणि गुडघ्याखाली कायम उशी ठेवायची घरोघरची सवय मोडा, त्यानंच सांधा वाकलेला आखडतो.

मांजरा_न्यूरो
एक भर: झाडावरून किंवा विहिरीत पडून एकदम इजा झाली तर सुरुवातीला पाय लुळेच असतात, रिफ्लेक्स शून्य. तो स्पायनल शॉक. काही दिवस ते काही आठवडे राहतो. टीबीत दाब हळूहळू वाढतो, म्हणून तो टप्पा सहसा दिसत नाही. टीबीचा पेशंट एका रात्रीत लुळा पडला तर मणका अचानक खचलाय किंवा रक्तपुरवठा तुटलाय असं धरून चाला.